सतरा नावांची यादी

दर नोव्हेंबरात मृत्युंजय कलशेट्टी बँकेत जाऊन आपण जिवंत असल्याचं सांगून येई. पेन्शनीतल्या माणसाला ते चुकत नाही. यंदा त्यासाठी एक लहानसं काळं यंत्र आलं होतं. त्यावर अंगठा टेकवायचा, यंत्राला तो पटला की वर्षभर बघायला नको. पण यंत्राला मृत्युंजयचा अंगठा पटेना. काउंटरपलीकडची मुलगी, मुलगी कसली, पस्तिशी ओलांडलेली बाई, "परत ठेवा" म्हणाली. परत ठेवला. "पुसून ठेवा." रुमालाला पुसून ठेवला. मागं दहा-बारा म्हातारे फायली छातीशी धरून उभे होते. त्यातल्या एकानं त्याला ओळखलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "कालचा लेख वाचला सर. एकेकाला सोलून काढलंय की!" मृत्युंजयनं मान जराशी झुकवली. असं कुणी म्हटलं की मान किती झुकवायची हे त्याला वीस वर्षांच्या सवयीनं नेमकं ठाऊक होतं. फार झुकवली तर लोकांना आपण खूश झालो असं वाटतं, न झुकवली तर चढलाय असं वाटतं. यंत्रावर हिरवा दिवा लागला. बाईनं कागदावर शिक्का मारला, कागद पुढं सरकवला, आणि तो घ्यायला त्याचा हात गेला तरी त्यावरचं आपलं बोट काही उचललं नाही. "सर," ती म्हणाली, "यादी माझ्या वडिलांनी दिली, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कसली यादी?" "कालच्या लेखातली. नागनाथ तळभंडारे. मी त्यांची मुलगी, बुद्धप्रिया." तिनं आवाज चढवला नव्हता. पत्ता बदललाय का, नॉमिनी कोण, हे विचारावं त्याच आवाजात ती विचारत होती. "कोणी सांगितलं तेवढं नाव द्या. मी त्यांना जाऊन भेटेन." मृत्युंजयनं तोंड उघडलं. तोंड उघडलं की वाक्य येतं, हा त्याचा स्वतःविषयीचा अनुभव होता. टीव्हीवरच्या चर्चेत सहा जण एकदम ओरडत असले तरी त्याच्या चौकटीत दिवा लागला की वाक्य येई, तेही कर्ता, कर्म, क्रियापद असं व्यवस्थित. आता तोंड उघडलं आणि काही आलं नाही. "बघून सांगतो," तो म्हणाला. "नक्की सांगा. मी इथंच असते," ती म्हणाली, बोट उचललं आणि पुढच्या म्हाताऱ्याकडं बघितलं.

बाहेर येऊन त्यानं स्कूटर काढली, पण घरी जाण्याऐवजी तो आसरा चौकातून नुसताच पुढं गेला, परत फिरला, पुन्हा पुढं गेला. लेखात तसं वावगं काही नव्हतं. कारखान्यांतल्या बारा तासांच्या पाळीवर होता. आकडे होते, कायद्याची कलमं होती, आणि वाचकाला नुसत्या कलमांनी झोप येते म्हणून तिसऱ्या परिच्छेदात एक आठवण होती. सत्त्याण्णवच्या जानेवारीत अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात सतरा कामगारांनी गुपचूप नवी युनियन काढायचं ठरवलं. त्यांच्यातल्याच नागनाथ तळभंडारे या जॉबरनं, म्हणजे मागावरच्या मुकादमानं, सतरा नावांची यादी मालकाच्या टेबलावर नेऊन ठेवली. सतराही जण गेटबाहेर झाले आणि त्यावरून संप पेटला. पुढं एक वाक्य होतं, कामगाराचा घात करायला बाहेरून कुणाला यावं लागत नाही. ते वाक्य कालपासून मोबाइलवर फिरत होतं. कुणी तरी त्याखाली सूर्यास्ताचं चित्र टाकून ते त्यालाच पाठवलं होतं, शुभ सकाळ म्हणून. खरं नाव घालताना तो क्षणभरही अडखळला नव्हता. उलट त्याला बरं वाटलं होतं. कादंबरीत नाव बदलावं लागतं, लेखात मात्र माणसानं छातीठोक खरं नाव द्यावं, हा त्याचा बाणा होता आणि व्याख्यानांतून तो हे सांगतही असे. नागनाथ जाऊन सहा वर्षं झाली होती. मेलेल्याला कसली भीती, असंही मनात येऊन गेलं असेल. गेलंच असेल.

कोणी सांगितलं? घरी येऊन तो टेबलाशी बसला आणि आठवायला लागला. आठवायला कष्ट पडले नाहीत, सगळं लख्ख दिसत होतं. गेटसमोरची चहाची टपरी. नागनाथचं डोक्याला गुंडाळलेलं टॉवेलचं कापड, त्याच्या घडीत दाबलेला चौपदरी कागद. आत मालकाची केबिन, पंख्याचा वारा, कागद उडू नये म्हणून मालकानं त्यावर ठेवलेला काचेचा गोळा, त्याच्या पोटात निळं फूल. नागनाथचं खाली गेलेलं तोंड. हे सगळं आपण पाहिलंय अशी त्याची बालंबाल खात्री होती. मग जानेवारीत पंखा कशाला, असं त्याच्या मनात आलं. आणि त्या केबिनमध्ये आपण कधी गेलो? त्यात आपण कधीच गेलो नव्हतो. आपल्याला गेटच्या आत कुणी घेतच नव्हतं. कॉलेजात शिकवणारा, कामगारांची पत्रकं लिहून देणारा मास्तर तो. टपरीच्या पुढं त्याची मजल नव्हती. त्यानं टेबलावर नजर टाकली. विजेच्या बिलांवर काचेचा गोळा होता, त्याच्या पोटात निळं फूल. तो त्यानंच लग्नानंतर कधी तरी घेतला होता.

तर तो प्रसंग 'रिकामी कांडी'च्या अकराव्या प्रकरणातला होता. बावीस वर्षांपूर्वी आलेली त्याची पहिली कादंबरी, जिच्यामुळं तो कादंबरीकार झाला आणि कादंबरीकार झाल्यामुळं पुढं पेपरवाल्यांना त्याची मतं हवीशी वाटू लागली. यादी कोणी दिली हे संपानंतर कुणालाच कळलं नव्हतं. पण कादंबरीला ते कळल्याशिवाय पुढं सरकता येत नव्हतं, म्हणून त्यानं महिपती नावाचा जॉबर उभा केला, त्याला नागनाथची चाल दिली, नागनाथचं मान तिरकी करून ऐकणं दिलं, आणि यादी त्याच्या हातात दिली. पुढं या अकराव्या प्रकरणावर लोक बोलले, परीक्षणं आली, विद्यापीठात कुणी तरी प्रबंध लिहिला. प्रत्येक सभेत तो प्रसंग सांगावा लागला, आणि सांगता सांगता रचलेलं कुठं संपतं याची खूण बुजून गेली. मग शनिवारी लेख लिहिताना आपण खोट्या नावाआड लपतोय असं वाटून त्यानं प्रामाणिकपणानं महिपती खोडला आणि नागनाथ घातला. या प्रामाणिकपणाचं त्याला आता हसू आलं, पण ते तोंडापर्यंत पोचलं नाही.

श्रीदेवी स्वयंपाकघरात मेथी निवडत बसली होती. तो दारात जाऊन उभा राहिला. "आपल्या वेळी ती यादी कोणी दिली होती गं? संपातली?" ती वर न बघता म्हणाली, "तुम्हीच लिहिलंय की पुस्तकात." "पुस्तकाच्या आधी काय म्हणत होतो मी?" "आधीचं मला काय माहीत, री?" श्रीदेवी अक्कलकोटकडची, घरात बोलताना तिच्या मराठीला कन्नड चिकटून येई आणि नवऱ्याला ती कधी अहो म्हणे, कधी री. मग एक काडी वेगळी काढत ती सहज म्हणाली, "आधी तर तुम्ही मामांवर लिहिलं होतं." "कुठल्या मामांवर?" आता तिनं वर बघितलं. "सिद्धप्पामामा हो. विसरलात? मी तीन दिवस जेवले नव्हते." तो विसरला होता. इतका साफ विसरला होता की क्षणभर ती दुसऱ्या कुणा नवऱ्याबद्दल बोलत असावी असं वाटलं. सिद्धप्पा म्हणजे श्रीदेवीचा सख्खा मामा, त्याच कारखान्यात सुपरवायझर, तिला आईवेगळीला वाढवणारा. "मामांना कळलं तर काय म्हणतील, म्हणाले मी. समाजात तोंड दाखवता येणार नाही, म्हणाले. मग तुम्ही बदललं. शाणे आहात." शेवटचा शब्द तिनं कौतुकानंच म्हटला होता.

माळ्यावरची पत्र्याची पेटी काढताना त्याच्या खांद्यात उसण भरली. पहिला खर्डा मिळाला. कागद पिवळे पडले होते पण अक्षर आपलंच, तेव्हाचं, घाईचं. अकराव्या प्रकरणात सुपरवायझर होता, विभूतीची बोटं कपाळावर, खिशात अडकित्ता. मामाच, नाव तेवढं वेगळं. पानाच्या कडेला श्रीदेवीनं पेन्सिलीनं लिहिलं होतं, हे मामा आहेत, कुणीही ओळखेल. आणि त्याखाली त्याच्या स्वतःच्या अक्षरात, निळ्या शाईत, जॉबर करावा. नागनाथसारखा. तो पुस्तक वाचणार नाही. शेवटचं वाक्य त्यानं तीन-चारदा वाचलं. त्यात कसलाही राग नव्हता, दुस्वास नव्हता. भाजी आणायची, बिल भरायचं, तसं ते लिहिलं होतं. व्यासपीठावरून त्यानं आयुष्यभर ज्या गोष्टीविरुद्ध घसा कोरडा केला ती इथं चार शब्दांत उभी होती: आपल्या घरातला माणूस वाचवायचा म्हणून बुधवार पेठेच्या दलित वस्तीतला एक माणूस पुढं केला होता.  पंखा लावायला तो उठला आणि का उठलो हे विसरून खिडकीशी गेला. खाली सोसायटीतली पोरं सायकली फिरवत होती.

त्याला स्वस्थ बसवेना. सिद्धप्पामामांनी तरी यादी दिली होती कशावरून? तेही आपण रचलंच होतं. की नव्हतं? मामांचा चेहरा पहिल्यांदा का सुचला? मंगळवारी सकाळी दाढी करताना, गालाला फेस लागलेला असताना, त्याला संक्रांतीच्या आदल्या दिवशीचं, भोगीचं जेवण आठवलं. भोगीला मामांकडं जेवायला जायचं हा श्रीदेवीच्या माहेरचा रिवाज होता. तिळाची बाजरीची भाकरी, सगळ्या शेंगांची मिळून भाजी, लोण्याचा गोळा. त्या वर्षी तो एमआयडीसीतून थेट तिथंच गेला होता. यादी त्यानंच लिहिली होती, एका पत्रकाच्या पाठीवर, आपल्या सुबक मास्तरी अक्षरात, कारण बाकीच्यांना आपल्या अक्षराची लाज वाटे. ती त्याच्या शबनम पिशवीत होती. पिशवी मामांच्या ओसरीतल्या खुंटीला होती. जेवण दीड तास चाललं, मग तो लवंडला, डोळा लागला. उठला तेव्हा मामा पान जुळवत होते. "झोपा की अजून, जावयबापू," म्हणाले होते. एवढंच. पिशवी उघडी होती का, कागदाची घडी बदलली होती का, काही आठवत नव्हतं. आणि आठवायला गेलं तर मन ताबडतोब घडी बदलून दाखवत होतं, उलटी घालून दाखवत होतं, मामांच्या बोटाचा चुन्याचा डागसुद्धा त्या कागदावर उमटवून दाखवत होतं. आपल्या या कसबाची त्याला पहिल्यांदाच किळस आली. संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेची सुट्टी संपली आणि सतरा जण गेटबाहेर होते. यादी पाच जणांनी पाहिली होती. पाचवा तो स्वतः.

त्यानं संपादकाला फोन केला. गुरुशांत त्याचा जुना विद्यार्थी, सदर त्यानंच सुरू केलेलं. "तो नागनाथचा उल्लेख चुकला रे. दुरुस्ती छापायला हवी." "चुकला म्हणजे, सर? आडनाव चुकलं?" "तसं घडलंच नाही. म्हणजे मला माहीत नाही."  "सर, केस टाकलीय का कुणी?" "नाही." "मग कशाला अंगावर ओढून घेता? फार तर पुढच्या लेखात असं म्हणतात म्हणून एक ओळ घालू. 'असं म्हणतात'मध्ये सगळं मावतं." मृत्युंजय हसला, कारण हे त्यानंच वर्गात शिकवलं होतं. मग गुरुशांत गंभीर झाला. "सर, तुमच्यावर टपून बसलेत लोक. तुम्ही एक गोष्ट रचली म्हणालात की वीस वर्षांचं सगळं रचलेलं ठरवतील. तुम्ही ज्यांच्यावर लिहिलं ते सगळे खुर्च्या टाकून बसतील बघायला. टीव्हीवाले परत बोलावणार नाहीत. विचार करा." मृत्युंजयनं विचार केला. बुधवारी दिवसभर त्यानं दुसरं काही केलं नाही. दुपारी स्कूटर घेऊन अक्कलकोट रोडला गेला, तो कारखाना शोधला. पाटी बदललेली, गेट तेच. पाळी सुटत होती. माणसं मोटारसायकलींवरून बाहेर पडत होती, कानांत कापसाचे तंतू, भुवयांवर तंतू. कुणी त्याच्याकडं बघितलं नाही. टपरीच्या जागी मोबाइल रिचार्जचं दुकान होतं. तिथं उभं राहून त्यानं मनातल्या मनात दुरुस्तीची वाक्यं जुळवली. प्रत्येक वाक्य इतकं डौलदार निघत होतं की त्यात त्याचा गुन्हा शोभून दिसत होता. एका वाक्यात तर स्मृती नावाच्या गोष्टीवर सुंदर असं चिंतन आलं. ते टाकून तो घरी आला.

गुरुवारी तो बँकेत गेला. बुद्धप्रियानं त्याला बघितलं, शेजारच्या बाईला काउंटर बघायला सांगितलं आणि बाहेर जिन्याखाली आली. "मला कोणी सांगितलं नव्हतं," तो म्हणाला. "मी रचलं होतं. कादंबरीसाठी. नंतर मलाच ते खरं वाटायला लागलं." त्याला वाटलं ती ओरडेल. ती जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिली. "विहारात जुन्या कार्यकर्त्यांचे फोटो आहेत सर, ओळीनं. बाबांचा पाचवा. मंगळवारी कमिटीनं उतरवला. पेपरात गुंडाळून घरी आणून दिला." मग म्हणाली, "तुमचं पुस्तक बाबांनी वाचलंय. म्हणजे मी वाचून दाखवलं, पंधरा वर्षांची होते. मास्तरांनी आपल्यावर लिहिलंय म्हणून त्यांनी ते विकत आणलं होतं. रोज एक प्रकरण. अकराव्याला ते बास म्हणाले." "आणि?" "चांगलं लिवलंय मास्तरांनी, म्हणाले. पुढचं वाचू दिलं नाही." मृत्युंजय जिन्याच्या पायरीवर बसला. "मला सांगून काय उपयोग सर? आईला सांगा. संध्याकाळी या."

बुधवार पेठेतल्या त्या घराला निळा रंग होता, दोन खोल्या, पुढं डब्यात तुळशीएवढं मिरचीचं रोप. विठाबाई खाटेवर बसली होती. तिलाही तो ओळखत होता. त्या काळी ती कांड्या भरायला जायची, सुताच्या कांड्या, आणि संपात तिनं बायकांना गोळा केलं होतं. आता तिला दिसायला कमी झालं होतं. "या की मास्तर. लई वर्सांनी. बुदा, च्या टाक." भिंतीवर नागनाथचा फोटो होता, मान तिरकी करून ऐकत असल्यासारखा, त्याला शेवंतीचा ताजा हार. मृत्युंजयनं चहाची वाट बघितली नाही. नाही तर चहा पिताना तो काही तरी वेगळंच बोलला असता. "विठाबाई, मी पेपरात लिहिलं ते खोटं आहे. नागनाथनं यादी दिली नाही. मी ते बनवलं."

विठाबाईनं त्याच्या आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. मग समजूत घालावी तशी म्हणाली, "राहू द्या, मास्तर. आमच्या तोंडाकडं बगून तुमी आसं म्हंताय. मला काय वाईट वाटलं न्हाय." "तसं नाही—" "ऐका की. कामावरनं काढून धा दिस झालते. ह्यो रत्नदीप चार वर्साचा. ताप डोस्क्यात गेला, दातखीळ बसली. आन दारात मालकाची जीप आली. मालकाची, मास्तर! पोराला मोठ्या दवाखान्यात नेलं. पोरगं वाचलं. पंदराव्या दिशी ह्यास्नी परत कामावर घेटलं, एकट्याला. बाकीचे आठ म्हैनं भाईर. गल्ली मला इच्यारायची, इठा, तुज्याच नवऱ्याला कसं गं? मी ह्यास्नी इच्यारलं की म्हनायचे, मालकाला दया आली आसल. मालकाला दया!" ती हसली. "अठ्ठावीस वर्सं माज्या पोटात ते हाय. तुमी लिवलं, बुदानं वाचून दावलं, आन मला गाठ सुटल्यावानी झालं. लेकरासाठी इमान दिलं मानसानं. दुसरं काय."

मृत्युंजयला जीप ठाऊक नव्हती. ती ऐकता ऐकता त्याच्या आतला कुणी तरी सावरून बसला. तापलेलं पोर, दारातली जीप, घरात जाऊन टॉवेलाच्या घडीतून कागद काढणारा बाप. हे आपल्या अकराव्या प्रकरणापेक्षा कितीतरी चांगलं आहे, असं त्याला वाटून गेलं, आणि लगेच आपल्या थोबाडीत मारावी असं वाटलं. मग त्यानं दिवस मोजले. यादी फुटली भोगीच्या सुमाराला, जीप आली कामावरून काढल्यावर दहा दिवसांनी. "विठाबाई, नावं आधी फुटली. पोरगं आजारी पडलं त्याच्या कितीतरी आधी. मग बदल्यात कशी दिली असेल?" "आधीच बोलनं झालं आसल," ती म्हणाली. "न्हाय केलं आसं त्यानं कंदी म्हनलं न्हाय. तुमचं पुस्तक ऐकूनबी न्हाय म्हनलं न्हाय." "आई," बुद्धप्रिया दारातून म्हणाली, "बाबा कशालाच नाही म्हणायचे नाहीत." तिचा आवाज पहिल्यांदाच फुटला.

"मग कोनी दिली?" विठाबाईनं विचारलं. मृत्युंजयच्या जिभेवर नाव होतं, कपाळावर विभूतीची बोटं असलेलं, चुन्याच्या डागासकट. ते दिलं असतं तर सगळे तुकडे व्यवस्थित बसले असते. गोष्ट पुरी झाली असती. मामाही जाऊन बारा वर्षं झाली होती. "यादी माझ्या पिशवीत होती," तो म्हणाला. "मी ती एका ओसरीत टांगून झोपलो होतो. कोणी काढली, काढली की नाही, मला माहीत नाही." मला माहीत नाही हे वाक्य त्यानं इतक्या वर्षांच्या लेखांत एकदाही लिहिलं नव्हतं. ते तोंडातून बाहेर पडताना फार साधं वाटलं.

विठाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "ठावं न्हवतं तर लिवायचं न्हवतं की, मास्तर." तिच्या आवाजात राग असता तर त्याला सोपं गेलं असतं. बुद्धप्रियानं बँकेच्या पॅडवरचा एक कागद आणि पेन आणून त्याच्यासमोर ठेवलं. "इथंच लिहा. रविवारी हे छापा, दुसरं काही नको." त्यानं लिहायला सुरुवात केली. पहिल्या वाक्यात काळाचा पडदा आला. तिनं तो खोडला. दुसऱ्यात वेदना आली, तीही खोडली. शेवटी दोन ओळी उरल्या. नागनाथ तळभंडारे यांनी यादी दिली हे मी रचलं. यादी कोणी दिली हे मला माहीत नाही. त्यानं खाली सही केली. गुरुशांत हे छापेल की नाही, छापलं तर पुढं काय, हे त्याच्या मनात आलं आणि थांबलं नाही, निघून गेलं. बुद्धप्रियानं कागद आईला वाचून दाखवला, सावकाश, दोनदा.

 विठाबाईचा हात भिंतीवरून चाचपडत फोटोच्या खालच्या काठापर्यंत गेला. "ह्यो हार काल रत्नदीपनं घातला," ती म्हणाली. "रत्नदीप कुर्डुवाडीला आसतोय, रेल्वेच्या कारखान्यात. बापाशी त्याचं जन्मभर जमलं न्हाय. बाप त्याच्याकडं धड बगायचाच न्हाय, कंदी उचलून घेटलं न्हाय. मयताला आला तवा लांब हुबा ऱ्हायला. आन परवा मी त्याला फोन केला, म्हनलं, तुज्यासाठी तुज्या बापानं इमान इकलं, म्हनून त्याला तुज्याकडं बगवत न्हवतं. काल रजा टाकून आला मास्तर. ह्या फोटोम्होरं बसला आन लहान पोरावानी रडला." ती थांबली. तिच्या हाताखाली शेवंतीच्या दोन पाकळ्या सुटल्या. "आता त्याला काय सांगू मी?"  बुद्धप्रियाला बापाचं नाव हवं होतं आणि ते तिच्या हातातल्या कागदावर होतं. भावाला बाप मिळाला होता, तो त्याच कागदानं जाणार होता. तिनं कागद घट्ट धरला होता.

"तुमी सांगा," विठाबाई म्हणाली. "तुमच्या तोंडचं त्याला खरं वाटतंय. बुदा, लाव गं फोन." बुद्धप्रियानं नंबर लावला, एकदा मृत्युंजयकडं बघितलं आणि फोन त्याच्या हातात दिला. चौथ्या घंटीला उचलला गेला. मागं लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज होता. "हां आई, बोल." "मी मृत्युंजय कलशेट्टी बोलतोय. पेपरात लिहिणारा." "सर!" आवाज एकदम वर आला, मग कुणाला तरी जरा थांब म्हणाला, गोंगाट मागं पडला, तो बाहेर मोकळ्यावर आला असावा. "जय भीम सर. सर, मी तुमचा नंबर शोधत होतो बघा. लोक काय म्हणायचं ते म्हणू द्या, फोटो उतरवू द्या. तुम्ही लिवलं म्हणून मला माझा बाप कळला. लई उपकार झाले, सर. बत्तीस वर्षांचा झालो, काल पहिल्यांदा बाबा म्हणून हाक मारली मी." मृत्युंजयनं तोंड उघडलं. खोलीत दोघी त्याच्याकडं बघत होत्या, एक दिसत असून, एक दिसत नसून.

"सर? हाय का लाइनवर?"

"सांगा की," विठाबाई म्हणाली.